समोरच्या खुर्चीत बसून पाहा

लातूर जिल्ह्यातल्या देवणीहून पुण्याला किंवा हैदराबादला पहिल्या मुलाखतीसाठी निघालेल्या मुलाची फाइल एकदा उघडून पाहावी. दहावी-बारावीची आणि पदवीच्या तिन्ही वर्षांची गुणपत्रके, टीसीची झेरॉक्स, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, एमएस-सीआयटीचे आणि टायपिंगचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो. महत्त्वाचे कागद लॅमिनेट केलेले. ही फाइल एकट्या मुलाची नसते. एखाद्या दाखल्यासाठी वडिलांनी तहसीलला चार खेटे घातलेले असतात, झेरॉक्सचे आणि प्रवासाचे पैसे आईने बचत गटातून उचललेले असतात. मुलाखतीच्या खोलीत मात्र ती फाइल पुष्कळदा उघडलीच जात नाही. समोर बसलेला अधिकारी म्हणतो, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' पुढची दहा मिनिटे माणसाला स्वतः बोलावे लागते, आणि तेही इंग्रजीतून.

या दहा मिनिटांची तयारी आपल्याकडे कशी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'मायसेल्फ अमुक अमुक, आय बिलाँग टू मिडल क्लास फॅमिली, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क.' शहरातल्या क्लासमधून, यूट्यूबवरून किंवा आधी नोकरीला लागलेल्या मित्राच्या वहीतून ही वाक्ये गावोगाव पोहोचली आहेत. मुले ती बसमध्ये पुटपुटत जातात. पहिला प्रश्न निभावतो. मग समोरचा विचारतो, 'हार्ड वर्क म्हणजे काय केलेस? एक उदाहरण दे.' पाठ केलेल्या वहीत त्याचे उत्तर नसते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मुलाखत देण्याचा सराव पुरेसा नाही, मुलाखत घेण्याचाही सराव हवा. ज्याने एकदा तरी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून चार उमेदवारांतून एक निवडला आहे, तो का निवडला हे इंग्रजीतून पटवून दिले आहे आणि उरलेल्या तिघांना नकाराचे पत्र लिहिले आहे, त्याची भाषा वेगाने सुधारते. शिवाय त्या खोलीची भीती जाते. हा सराव करायला पुण्याला जाऊन राहावे लागत नाही. तो देवणीतल्या एखाद्या वर्गखोलीत, चार बाकांवर होऊ शकतो.

पैसा पणाला लागलेला आहे

इंग्रजीचे महत्त्व भावनेने सांगण्याची गरज नाही, ते मोजले गेले आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिक्षणासारख्या इतर गोष्टींचा फरक वजा केल्यावरही अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त होती. थोडेफार बोलणाऱ्यालाही १३ टक्के जास्त मिळत होते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: जास्त शिकलेल्यांना इंग्रजीचा फायदा जास्त होतो. म्हणजे पदवीपर्यंत पोहोचलेल्या आणि तिथे बोलण्यावाचून अडलेल्या मुलाचे नुकसान सगळ्यात मोठे.

देवणी तालुक्यात असा मुलगा असलेले घर शोधावे लागत नाही. शेती सोयाबीन, तूर, हरभऱ्याची. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली आणि उभ्या पिकात पाणी साचले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता, पण भिजलेल्या मालाला तो मिळणे अवघड होते. अशा वर्षी घरातल्या एका पगाराची किंमत काय असते, हे या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नोकरीची भाषा दुसऱ्यांदा बदलली

देवणी पूर्वी उदगीर तालुक्यात आणि उदगीर बीदर जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यात कचेरीचे आणि कोर्टाचे कामकाज उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेरीत मराठी रुळली. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, पुढे देवणी स्वतंत्र तालुका झाला. पणजोबांच्या काळी अर्ज उर्दूत लिहून घ्यावा लागे, आजोबांनी आणि वडिलांनी मराठीत लिहिला, आता नातू इंग्रजीत ई-मेल पाठवतो. एकाच घराने चार पिढ्यांत नोकरीच्या तीन भाषा पाहिल्या.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. नवी भाषा पेलण्याची सवय या पट्ट्याला आहे. इथल्या माणसाचे भालकी-बीदरकडे जाणे-येणे असते. बाजारात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एकाच दुकानात कानावर पडतात, तांड्यावर बंजारा बोली असते. सौदा करताना माणूस एका भाषेतून दुसरीत सहज जातो, व्याकरण चुकेल म्हणून थांबत नाही. समोरच्याला आपले म्हणणे कळले पाहिजे, एवढाच त्याचा रोख असतो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र तोच माणूस मुका होतो, कारण ती भाषा त्याला आजवर फक्त परीक्षेत भेटली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज तिशीत आहेत. दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकून बारावी झालेल्या मुलाने वर्गात सलग पाच वाक्ये इंग्रजीतून बोलण्याची वेळ क्वचित आलेली असते. बारावीच्या इंग्रजीला लेखी ८० आणि तोंडी २० गुण असतात, पण भर सगळा त्या ऐंशीवर.

लातूर जिल्ह्यात हा भर अधिकच आहे, आणि त्यामागे यशाची मोठी परंपरा आहे. 'लातूर पॅटर्न' ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयामुळे राज्यभर गाजला, त्याचे संस्थापक-प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तेच पहिले कुलगुरू झाले. या पॅटर्नने खेड्यातल्या हजारो मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, चुकांची नोंद आणि पुन्हा परीक्षा ही त्याची शिस्त. ती शिस्त लेखी परीक्षेची होती, कारण प्रवेश लेखी परीक्षेवर मिळत होता. नीटला मुलाखत नसते.

सरकारी नोकरीचाही मोठा भाग आता लेखीवरच ठरतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. ओळखीपाळखीने होणाऱ्या निवडीला त्यामुळे आळा बसला आणि गरीब घरातल्या मुलांना ते हिताचे झाले. जिथे मुलाखत राहिली, तिथे मातृभाषेची सोय आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला असतात आणि ती मराठीतून देता येते. पण सरकारी जागा थोड्या आणि अर्ज लाखोंनी. वयाची पंचविशी-सव्विशी ओलांडून जो मुलगा अखेर खासगी नोकरीकडे वळतो, तो अशा दारात उभा राहतो, जिथे त्याच्या आयुष्यभराच्या लेखी तयारीला फारसे कोणी विचारत नाही.

चाळणी कशी लागते

खासगी नोकरीची चाळणी आता माणसाच्या आधी यंत्र लावते. रिझ्युमे ऑनलाइन भरला, की जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का हे सॉफ्टवेअर तपासते. मग गणित-तर्काची चाचणी. कॉल सेंटर किंवा ग्राहकसेवेची नोकरी असेल तर पुष्कळदा बोलण्याची चाचणीही यंत्रच घेते. व्हर्संट ही त्यातली नावाजलेली. तिच्यात वाक्य मोठ्याने वाचायचे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायचे, विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य करायचे, छोट्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगायची. यंत्र वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ आणि उच्चार यांना गुण देते. ओघ म्हणजे भराभर बोलणे, असे अनेकांना वाटते. दोन शब्दांमध्ये अकारण अडखळणे टाळले, तर सावकाश बोलणाराही ओघातच बोलत असतो.

त्यानंतर ग्रुप डिस्कशन, मग कामाची माहिती असलेल्या अधिकाऱ्याची मुलाखत, शेवटी एचआर. प्रत्येक टप्प्यावर वेगळी गोष्ट पाहिली जाते. ग्रुप डिस्कशनमध्ये दुसऱ्याचे ऐकून त्यात भर घालणारा माणूस हवा असतो. कामाच्या मुलाखतीत काम येते का हे पाहतात. एचआरला कळून घ्यायचे असते, की हा माणूस टिकेल का, पगार किती मागेल, कधी रुजू होईल. उमेदवाराला हा फरक ठाऊक नसल्यामुळे तो सगळीकडे तीच पाठ केलेली ओळख म्हणतो. निवडणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न आहे हे ज्याने ओळखले, त्याला अर्धे उत्तर सापडले. आणि ते ओळखायचे तर निवडणाऱ्याच्या जागी बसून पाहावे लागते.

चार उमेदवार, एक जागा

प्रत्यक्ष काम करायला लावून भाषा शिकवण्याच्या पद्धतीला भारतातच मोठा पाया आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर अभ्यासला गेला, आणि १९८७ मध्ये प्रभूंचे त्यावरचे पुस्तक आले. त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली: रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी ठरवा, नकाशा वाचून रस्ता सांगा. विचार काम सोडवण्यात गुंतला, की भाषा त्याच्या मागोमाग घडते, हे त्यांचे सूत्र. दिलेल्या माहितीवरून तर्काने निष्कर्ष काढायचा असतो, अशी कामे त्यांना विशेष उपयोगी वाटली. उमेदवाराची निवड हे नेमके तसे काम आहे.

आपल्या अभ्यासक्रमातही त्याचे बीज आहे. बारावीच्या इंग्रजीत एखाद्या व्यक्तीची मुलाखत घेण्यासाठी आठ-दहा प्रश्न तयार करा, असे विचारले जाते. ग्रुप डिस्कशन आणि स्टेटमेंट ऑफ पर्पजही त्यात आहे. मुले हे सगळे कागदावर लिहितात आणि गुण मिळवतात. तेच प्रश्न माणसाला समोर बसवून विचारायला लावले, की सराव सुरू झाला.

समजा, उदगीरच्या एका डाळ मिलला डिस्पॅच को-ऑर्डिनेटर हवा आहे. गाड्या लावणे, वजनकाट्याच्या पावत्या सांभाळणे, ई-वे बिल काढणे, हैदराबाद-बंगळूरच्या व्यापाऱ्यांशी फोनवर आणि ई-मेलवर बोलणे हे काम. वर्गाने आधी याची जाहिरात इंग्रजीत लिहायची. मग चार काल्पनिक बायोडाटा तयार करायचे. पहिला उमेदवार फर्डे इंग्रजी बोलतो, पण दोन वर्षांत त्याने तीन नोकऱ्या सोडल्या. दुसरा बी.कॉम. आहे, इंग्रजी अडखळत बोलतो, पण मोंढ्यातल्या आडत दुकानात दोन हंगाम दिवाणजीच्या हाताखाली राबला आहे. तिसरी उमेदवार सहा वर्षे घरी होती, मूल वाढवले, त्या काळात बचत गटाचे सगळे हिशेब तिने सांभाळले. चौथा मालकाच्या ओळखीतला, शिक्षण जेमतेम, पण गाडीवाल्यांशी त्याचे चांगले जमते.

चौघे विद्यार्थी उमेदवार होतील, तिघे पॅनेल होतील, बाकीचे ऐकतील. प्रत्येकाला दहा मिनिटे. त्यानंतरचा भाग सगळ्यात मोलाचा. पॅनेलने सर्वांसमोर इंग्रजीतून चर्चा करून एकाची निवड करायची. तयारी करताना मराठी चालेल, चर्चेत मात्र इंग्रजीच. 'आय वुड शॉर्टलिस्ट हर, बिकॉज शी हॅज हँडल्ड मनी.' 'आय सी युवर पॉइंट, बट शी हॅज नेव्हर डेल्ट विथ ट्रान्सपोर्टर्स.' 'इफ वी ट्रेन हिम फॉर टू मंथ्स, ही कॅन मॅनेज द ई-मेल्स.' कारण देणे, सौम्यपणे असहमत होणे, अट घालणे, निर्णय सांगणे हे सगळे या तीन वाक्यांत आले. कंपनीच्या मीटिंगमध्ये रोज लागणारे बिझनेस इंग्रजी हेच आहे. पाठ केलेली ओळख मुलाखतीनंतर कधीच वापरावी लागत नाही, ही वाक्ये निवृत्तीपर्यंत लागतात.

बोलताना कोणी चुकले तर मध्ये थांबवू नये. मोबाइलवर रेकॉर्डिंग करावे आणि नंतर सर्वांनी ऐकावे. आपली चूक आपल्याच कानांनी ऐकली, की ती दुरुस्त करायला फार सांगावे लागत नाही. शेवटी लेखन: निवडलेल्याला रुजू होण्याचे पत्र, इतर तिघांना नकाराचे. माणसाचा मान राखून नकार कळवणे ही इंग्रजी पत्रलेखनातली अवघड कला आहे. ज्याने असे पत्र लिहिले, त्याला स्वतःला नकार आला तर तो खचत नाही. नकार एका जागेसाठीचा असतो, आपल्या सबंध आयुष्यावरचा शेरा नसतो, हे त्याने पत्र लिहिताना अनुभवलेले असते. पुढच्या आठवड्यात खुर्च्या बदलायच्या, नोकरीही बदलायची. कधी खासगी दवाखान्यातला रिसेप्शनिस्ट, कधी बँकेचा फील्ड ऑफिसर, कधी लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यासाठी स्टोअर-सहायक.

बाजारातली पारख

निवड कशी करावी हे देवणीला शिकवायला बाहेरचा माणूस लागू नये. देवणी हे नाव देशभरच्या पशुतज्ज्ञांना ठाऊक आहे ते इथल्या गोवंशामुळे. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हा वंश तयार झाला. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्याचे तीन प्रकार. गाय दुधाला बरी आणि बैल ओढकामाला दणकट, असा दुहेरी उपयोग. बैल पारखणारा जाणता शेतकरी रंगरूपावर भाळत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो. महत्त्वाचे म्हणजे बाजारातल्या प्रत्येक जनावराला तो त्याच क्रमाने पाहतो. म्हणून त्याला दहा बैलांत तुलना करता येते. माणसे बैलासारखी पारखावीत असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला महत्त्वाची वाटते ती पारखणाऱ्याची शिस्त.

मानसशास्त्राने हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडीच्या पद्धतींवरचे ८५ वर्षांचे संशोधन एकत्र तपासले. प्रत्येक उमेदवाराला ठरलेले तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण, अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.५१ निघाला, सैल गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे गणित अधिक काटेकोरपणे पुन्हा केले. तेव्हा आखीव मुलाखतीचा आकडा ०.४२ आला आणि ती सगळ्या पद्धतींत पहिली ठरली, सैल मुलाखत ०.१९ वर घसरली. पाच मिनिटांत माणूस ओळखतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या साहेबांच्या विरोधात हा पुरावा आहे.

म्हणून वर्गातल्या पॅनेलनेही आधी निकष लिहावेत: कामाची माहिती, हिशेबातली अचूकता, बोलण्यातली स्पष्टता, टिकून राहण्याची शक्यता. प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण. पहिल्या वेळी बहुतेकांचा ओढा फर्डे इंग्रजी बोलणाऱ्याकडे जाईल. गुणांची बेरीज केल्यावर कदाचित आडतीत राबलेला मुलगा वर येईल. त्या क्षणी मुलांना इंग्रजीची खरी जागा कळते: कामाला पुरेल एवढी भाषा हवी, आणि भाषेच्या खाली काम हवे.

निवडणाऱ्याच्या डोळ्यावरची पट्टी

समोरच्या खुर्चीत बसल्याशिवाय आणखी एक गोष्ट उमगत नाही. निवडणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह असतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. इंग्रजी दैनिकांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो उमेदवाराच्या नावात. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे अधिकारीच उमेदवाराच्या 'फॅमिली बॅकग्राउंड'ला फार महत्त्व देतात.

'टेल मी अबाउट युवर फॅमिली' हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय मुलाला सोपा वाटतो. ऊसतोड करणाऱ्या किंवा मोंढ्यात हमाली करणाऱ्या बापाच्या लेकराला तो पहिलाच घाव असतो. त्याने मान खाली घालू नये यासाठीही सराव लागतो. 'माय फादर वर्क्स ॲट द ग्रेन मार्केट. आय हॅव मेंटेन्ड द हाउसहोल्ड अकाउंट्स सिन्स क्लास टेन.' दोन वाक्यांत खरे सांगायचे आणि आपल्या कामाकडे वळायचे. वर्गातल्या सरावात मात्र पॅनेलसाठी नियम कडक असावा. बायोडाटावर नाव, गाव, धर्म, वडिलांचा व्यवसाय लिहायचा नाही. लग्न कधी, मूल कधी, हे मुलींना विचारायचे नाही. आज पॅनेलवर बसलेली मुले उद्या खरोखर कुणाची तरी निवड करणार आहेत. त्यांनी न्यायाने निवड करायला इथेच शिकावे.

उत्तर आपल्या शिवारातून

खेड्यातल्या मुलाला वाटते, की इंग्रजीतून सांगण्यासारखे आपल्याकडे काही नाही. मुलाखतीत उदाहरण मागतात तेव्हा चार पायऱ्यांचे उत्तर अपेक्षित असते: प्रसंग काय होता, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले, शेवटी काय झाले. या चौकटीत शेतीचा हंगाम अगदी नीट बसतो. 'लास्ट ऑक्टोबर वी हॅड थर्टी क्विंटल्स ऑफ सोयाबीन, अँड द ग्रेन वॉज वेट. माय जॉब वॉज टू सेल इट. आय ड्राइड द स्टॉक फॉर फोर डेज, चेक्ड द मॉइश्चर अँड कम्पेअर्ड द रेट्स इन टू मार्केट्स. वी गॉट अ बेटर प्राइस.' हमीभावाच्या खरेदीत ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दर्जा-नियंत्रण ठाऊक आहे. लग्नात तीनशे माणसांच्या पंगतीचे नियोजन, गणेश मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च, पाण्याच्या टँकरची पाळी लावणे ही सगळी व्यवस्थापनाची कामे आहेत. मुलांनी ती केलेली असतात. त्यांना फक्त चार सरळ वाक्ये हवी असतात.

तितकीच गरज पगाराची भाषा समजण्याची आहे. चार लाखांचे सीटीसी म्हणजे महिन्याला तेहतीस हजार हातात, असे समजून मुले घरी फोन करतात. सीटीसीमध्ये मूळ पगाराच्या १२ टक्के मालकाचा भविष्यनिर्वाह निधी, ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, कधी विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर मिळणारी रक्कमही धरलेली असते. 'व्हॉट विल बी द मंथली इन-हँड अमाउंट?' हे वाक्य न संकोचता विचारता आले पाहिजे. प्रोबेशन किती, नोटिस पिरियड किती, बाँड आहे का, हेही. आणि मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी कोणी आधी पैसे मागत असेल, तर ती नोकरी नसून फसवणूक आहे, हे प्रत्येक सरावात पुन्हा सांगावे.

या दिवाळीत

हे सगळे करायला लागते काय? शनिवारी दुपारी मोकळी असलेली एक खोली, एक टेबल, चार बायोडाटा, एक मोबाइल. महाविद्यालयाचा वर्ग चालेल, आयटीआयची कार्यशाळा चालेल, गावचे वाचनालय चालेल. शिक्षकाचे इंग्रजी साहेबी असण्याची गरज नाही, त्याने वेळ पाळली आणि खुर्च्या फिरत्या ठेवल्या तरी पुष्कळ. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या विषयांना आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला जागा दिली आहे. त्या तासांचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. लातूर पॅटर्नची जी शिस्त होती, तीच इथे वापरायची: सराव, नोंद, पुन्हा सराव. त्या शिस्तीने लेखी परीक्षा जिंकून दाखवल्या आहेत. बोलण्यालाही ती लावता येईल.

दिवाळीत देवणीच्या घराघरांत पुण्याहून, हैदराबादहून, मुंबईहून मुले-मुली परत आलेली असतात. त्यांच्यातले काही आता टीम लीडर आहेत, काही स्वतः मुलाखती घेतात. भाऊबीज आटोपल्यावर एका दुपारी त्यांनी गावातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी पॅनेलवर बसावे, आणि दुसऱ्या फेरीत त्या मुलांना पॅनेलवर बसवून स्वतः उमेदवार व्हावे. आपल्या पहिल्या मुलाखतीत आपण कुठे अडलो होतो, हे त्यांना अजून आठवत असेल. धाकट्यांना त्याहून मोठी ओवाळणी दुसरी नाही.

मुलाखत संपताना बहुतेक ठिकाणी एक प्रश्न विचारतात: 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स फॉर अस?' आपली मुले घाईने 'नो सर' म्हणून उठतात. टेबलाच्या पलीकडे बसून आलेली मुलगी उठणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, मला कोण शिकवेल, आधीच्या माणसाने ही जागा का सोडली, हे ती विचारेल. उत्तर पटले नाही तर आभार मानून दुसरी नोकरी पाहील. आपली चार-पाच वर्षे ती या कंपनीला देणार आहे, तेव्हा कंपनी पारखून घेण्याचा तिलाही पूर्ण हक्क आहे. तो हक्क बजावण्याइतके इंग्रजी देवणीच्या प्रत्येक पदवीधराला यावे, आणि ते देवणीतच यावे.